बासष्ट की त्रेसष्ट? पहिल्या नोकरीत बोलायचं कसं, विचारायचं कसं

भोसरीच्या एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये माझी एकवीस वर्षं गेली. त्यातली शेवटची सहा-सात नवीन अप्रेंटिस पोरं तयार करण्यात. लातूर, बीड, जळगाव, यवतमाळ, कुठकुठून येतात. आयटीआय झालेला असतो, हात चांगला चालतो, आणि तरी पहिल्या दोन महिन्यांत बोलणी खातात. कामामुळे कमी, बोलण्यामुळे जास्त. 'सर, मी सांगितलं होतं' आणि 'मला कुणी सांगितलंच नाही' ही दोन वाक्यं शॉपवर, म्हणजे कारखान्यात मशीनं चालतात तिथे, रोज ऐकू येतात. गंमत अशी की दोन्ही बोलणारे बहुतेक वेळा खरंच सांगत असतात.

त्या पोरांना जे सांगतो तेच इथे लिहितोय. तुम्ही दुकानात, बँकेत, दवाखान्यात कामाला लागला असाल तरी चालेल. व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासात शिकवतात ते मात्र इथे मिळणार नाही. तिथे एक आकडा हमखास फळ्यावर लिहितात: बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या प्रयोगांतले आहेत. त्याने सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरात ऐकवून बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, हे लोक कशावरून ओळखतात एवढंच तपासलं होतं. सगळ्या बोलण्याला ते लागू नाही, असं त्याने स्वतःच पुढे सांगितलं. शब्दांचा वाटा ७ टक्के असता तर मला बेअरिंगचा, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या कड्याचा, नंबर नुसत्या हातवाऱ्यांनी मागता आला असता.

पायरी १: 'पत्रास कारण की' आधी

जुन्या पत्रांत साष्टांग नमस्कार, सगळ्यांची खुशाली, पाऊसपाणी, आणि मग कुठेतरी 'पत्रास कारण की' यायचं. आपण बोलतोही तसंच. पोरगं सुपरवायझरकडे जातं आणि सुरू करतं, 'सर, काल रात्री ना, मी तीन नंबर लाइनवर होतो, तर ऑपरेटर म्हणाला की आवाज येतोय, मग मी बघितलं तर...' तेवढ्यात साहेबांचा फोन वाजतो आणि विषय तिथेच संपतो. तासाभराने कन्व्हेयर, म्हणजे माल पुढे नेणारा पट्टा, बंद पडतो. 'सर, मी सांगायला आलो होतो' हे वाक्य इथे जन्माला येतं.

जायच्या आधी स्वतःला एकच विचारा: समोरच्या माणसाने आता काय करायला हवंय? ते पहिल्या वाक्यात सांगा. 'सर, तीन नंबर कन्व्हेयर अर्धा तास बंद ठेवायला परवानगी हवी. गिअरबॉक्समधून आवाज येतोय, तेल बघायचंय.' मागणी आधी, कारण नंतर. रात्रीची हकिगत विचारली तरच.

रजेचंही तसंच. 'सर, एक विचारायचं होतं, रागवू नका' असं म्हणत दारात उभं राहण्यापेक्षा, 'सर, १४ आणि १५ तारखेला, गुरुवार-शुक्रवार, रजा हवी. बहिणीचं लग्न आहे. सेकंड शिफ्टचा मुलगा माझी जागा सांभाळायला तयार आहे, त्याच्याशी बोललोय.' साहेबाला यावर फक्त हो किंवा नाही म्हणायचं उरतं. बहुतेक वेळा हो मिळतं, कारण नाही म्हणायला त्याला वेगळं डोकं चालवावं लागतं.

पहिले काही दिवस हे वाक्य खिशातल्या डायरीत लिहून मगच जा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मी अजूनही लिहितो.

पायरी २: आकडे, तारखा आणि नावं यांना वेगळी वागणूक

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात महाग चुका इथेच होतात.

६२०५ आणि ६३०५ ही दोन बेअरिंगं. दोन्हींचं आतलं भोक २५ मिलिमीटर, त्यामुळे शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, दोन्ही बसतात. पण ६२०५ चा बाहेरचा व्यास ५२ आणि ६३०५ चा ६२. म्हणजे बेअरिंग ज्या घरात बसतं त्यात, हाउसिंगमध्ये, चुकीचं बेअरिंग जाणारच नाही किंवा गेलं तर खुळखुळेल. आता प्रेस चालू असताना स्टोअरला फोन करून 'बासष्ट झिरो पाच दोन नग काढून ठेवा' म्हणा. पलीकडे 'त्रेसष्ट' ऐकू जातं. बासष्ट आणि त्रेसष्ट यांची शेपटी एकच, आणि गोंगाटात शेपटीच ऐकू येते. त्यावर कहर म्हणजे ६३०५ चा बाहेरचा व्यासच बासष्ट. स्टोअरवाला चांगला जाणकार असेल तर तो आणखी गोंधळतो.

म्हणून नियम: नंबर एकेक आकडा सुटा बोलायचा. सहा, दोन, शून्य, पाच. मोबाइल नंबर, बिल नंबर, गाडी नंबर, मीटरचं रीडिंग, सगळं असंच. मराठी आकड्यांमध्ये एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी ही मंडळी तर आपल्या लोकांनाही दचकवतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्यात बरोबर कोण, या वादात मी पडत नाही. पण फोनवर बिहारच्या ऑपरेटरला 'एकोणऐंशी' सांगून बघा, मग माझ्याशी बोला.

अक्षरांसाठी मुंबईचा एम, नागपूरचा एन असं सांगायची आपली पद्धत उत्तम आहे. फक्त गावाचं नाव समोरच्याला माहीत असलेलं घ्या. बी, डी, पी, टी ही अक्षरं कधीही एकटी सोडू नका.

आता तारखा. मराठीत 'परवा' हा शब्द मागेही जातो आणि पुढेही. क्रियापद असलं तर कळतं. मेसेजमध्ये ते गळतं. माझ्याच बाबतीत झालेलं सांगतो. एका पुरवठादाराकडून कपलिंग, म्हणजे दोन शाफ्ट जोडणारा भाग, यायचं होतं. त्याला विचारलं, 'कपलिंगचं काय झालं?' उत्तर आलं, 'परवा डिस्पॅच.' मी समजलो माल निघालाय, आज-उद्या पोचेल. त्याच्या मते माल परवा निघणार होता. लाइन दोन दिवस उभी राहिली आणि प्लांट हेडसमोर मीही उभा राहिलो. चूक निम्मी त्याची, निम्मी माझी, कारण मी एक ओळ लिहून विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी तारीख आणि वार दोन्ही लिहितो: 'गुरुवार, १४ तारीख, सकाळी ११.' दोन्हींचा मेळ बसला नाही तर चूक लगेच दिसते.

'लगेच', 'बघतो', 'होऊन जाईल', 'आत्ता येतो' हे शब्द गोड आहेत पण त्यांना घड्याळ नसतं. कुणी 'लगेच करतो' म्हणालं की हसून विचारा, 'किती वाजेपर्यंत धरू?' आणि तुम्ही स्वतः कुणाला 'बघतो' म्हणाला असाल तर तुमच्या मनात ते हो आहे की नाही, हे आधी तुम्हीच ठरवा.

पायरी ३: परत बोलून दाखवा, परत बोलून घ्या

या लेखातलं एकच काही लक्षात राहणार असेल तर हे राहू द्या.

२७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. एका विमानाच्या वैमानिकाने 'आम्ही आता टेकऑफला' अशा अर्थाचं काहीतरी मोघम सांगितलं. नियंत्रकाला वाटलं, विमान जागेवर तयार उभं आहे. तो 'ओके' म्हणाला, आणि पुढे 'थांबा, मी कळवतो' असंही म्हणाला. पण त्याच क्षणी दुसरं विमानही रेडिओवर बोलायला लागलं आणि दोन्ही आवाज मिळून नुसती शिटी ऐकू आली. तोपर्यंत पहिलं विमान धावायला लागलं होतं. त्या अपघातानंतर विमान क्षेत्रात बोलण्याचे नियम घट्ट झाले. 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, आणि महत्त्वाची सूचना नुसत्या 'ओके'वर सोडायची नाही, वैमानिकाने ती शब्दशः परत बोलून दाखवायची.

इतकं लांब जायचीही गरज नाही. आपल्या रेल्वेच्या इंजिनात बघा, लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल दिसला की तो एकमेकांना मोठ्याने बोलून दाखवतात. दोघांनाही दिसतोय, तरीही. फाटक बंद केलं की गेटमन स्टेशन मास्तरला फोनवर खासगी नंबर देतो आणि मास्तर तो वहीत लिहून घेतो. 'केलं का?' 'हो' एवढ्यावर गाडी सोडत नाहीत.

आपल्या कामात हे असं करायचं. साहेबांनी चार कामं सांगितली की वळून पळू नका. म्हणा, 'सर, एकदा बोलून दाखवतो. आधी दोन नंबरचा पंप, मग पॅनेलची साफसफाई, कॉम्प्रेसरला आज हात लावायचा नाही, आणि पाचला तुम्हाला फोन.' दहा सेकंदांचं काम. चारांत एक तरी चुकीचं ऐकलेलं सापडतं, किंवा साहेबालाच आठवतं की पाचवं सांगायचं राहिलं. यात उद्धटपणा वाटेल अशी भीती पोरांना असते. मी आजवर याचा राग आलेला साहेब बघितलेला नाही. दुसऱ्यांदा तेच विचारायला आलेल्या पोराचा राग आलेले भरपूर बघितलेत.

उलट्या बाजूने हेच जरा नाजूक आहे. स्टोअरच्या पन्नाशीच्या काकांना 'परत बोलून दाखवा' म्हटलं तर ते रागवणार. तिथे दोष स्वतःकडे घ्यावा: 'काका, इथे फार आवाज आहे, मी नीट सांगितलं का बघा बरं, काय लिहिलंत?'

पायरी ४: 'समजलं का?' हा प्रश्न बंद

हे तुमच्यासाठी, आणि दोन वर्षांनी तुमच्या हाताखाली पोरगं येईल तेव्हासाठी. 'समजलं का?' याला आपल्याकडे एकच उत्तर असतं: 'हो सर.' शाळेत दहा वर्षं घोटून घेतलेलं. समजलं नसेल तर बोट वर करणाऱ्यावर वर्ग हसतो, हे आपण फार लहानपणी शिकतो.

त्याऐवजी विचारा, 'आता तू पहिल्यांदा काय करशील?' तो म्हणाला 'सर, मशीनचा गार्ड (झाकण) काढतो' तर तुम्हाला कळतं की मेन स्विच बंद करून कुलूप लावायचं त्याच्या कानावरून गेलंय. हे आत्ता कळलेलं बरं.

तुम्हाला समजलं नसेल तर 'नाही समजलं' एवढंच म्हणू नका. सांगणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं आणि तो वैतागतो. कुठपर्यंत समजलं ते सांगा: 'प्रेशर सोडायचं इथपर्यंत कळलं. व्हॉल्व्ह कुठला आधी, ते राहिलं.'

पायरी ५: वाईट बातमी गरम असताना

काही मोडलं, चुकलं, उशीर होणार असेल तर लपवू नका, आणि सांगायला संध्याकाळची वाट बघू नका. चार गोष्टी या क्रमाने: काय झालं, आत्ता स्थिती काय, मी काय केलं, तुमच्याकडून काय हवं. 'सर, मोटरचा कपलिंग बोल्ट तुटला. लाइन बंद आहे, कुणाला लागलेलं नाही. सप्लाय कापून टॅग लावलाय. स्टोअरमध्ये बोल्ट नाही, बाहेरून आणायला परवानगी हवी.' दवाखान्यांत नर्स रात्री डॉक्टरांना फोन करतात तेव्हा त्यांनाही जवळपास असाच क्रम शिकवलेला असतो.

कुणाची चूक, हे पहिल्या फोनवर नको. ते नंतर कुणीतरी शोधतंच.

फोन आणि व्हॉट्सॲप, थोडक्यात

'हाय सर' लिहून थांबू नका, पुढचं वाक्य त्याच मेसेजमध्ये टाका. ग्रुपवर टाकलेलं काम कुणाचंच नसतं, ज्याने करायचं त्याचं नाव लिहा. तीन मिनिटांची व्हॉइस नोट शॉपवर कुणी ऐकत नाही. निळ्या टिकांचा अर्थ मेसेज उघडला, एवढाच. भांडण असेल तर फोन उचला किंवा समोर जा. फोनवर महत्त्वाचं काही ठरलं तर मागोमाग दोन ओळींचा मेसेज टाका: 'आत्ता ठरल्याप्रमाणे...' तीसुद्धा पायरी तीनच आहे, लेखी.

तुमची बोली आणि इतरांची

नागपूरकडचं एक पोर उशीर झाला की फोनवर म्हणायचं, 'येऊन राहिलो ना सर.' आमच्या पुण्याच्या सुपरवायझरने पहिल्या दिवशी अर्थ लावला की हा येऊन बसलाय, आणि गेटवर शोधत फिरला. पोराची बोली चुकीची नाही, सुपरवायझरचे कानही चुकीचे नाहीत. तो आता म्हणतो, 'रस्त्यात आहे, वीस मिनिटं.' बाकी सगळं वऱ्हाडीच बोलतो, आणि बोलावं.

न-ण वरून हसणारे भेटतील. त्यापायी गप्प राहू नका. 'पानी गळतंय' असं वेळेवर सांगणारा मला 'पाणी गळत होतं' असं शुद्ध सांगणाऱ्यापेक्षा हवा आहे. हिंदी आणि इंग्रजीचंही तेच. हिंदीत 'कल' मागचाही आणि पुढचाही, म्हणून तिथेही वार सांगा. इंग्रजी येत नसेल तर आधी आपल्या कामाचे पन्नास शब्द आणि दहा वाक्यं पाठ करा, व्याकरण मागून येईल.

तू की तुम्ही? शंका असेल तेव्हा तुम्ही. हाउसकीपिंगच्या मावशी, कँटीनचे दादा, सिक्युरिटीचे काका यांनाही तुम्हीच. साहेबाला 'सर' आणि झाडू मारणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला 'ए', हे ज्याच्या तोंडी असतं त्याला शॉपवर कुणी आतली खबर देत नाही. कुठला पंप रात्री कण्हतो, हे मला दोनदा झाडूवाल्या मावशींकडूनच कळलंय.

सरकारी खिडकी

कागदावरही 'पत्रास कारण की' आधीच. विषयाच्या ओळीत मागणी लिहा: 'रहिवासी दाखला मिळणेबाबत.' मग दोन-तीन वाक्यं, सोबत जोडलेल्या कागदांची यादी, तारीख, सही. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज साधारण १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लिहायचा असतो. फी १० रुपये, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. एवढ्या शब्दांत नेमकं मागायची सवय लागली की कुठलाही अर्ज लिहिता येतो.

खिडकीवरून पोच घेतल्याशिवाय हलू नका. आवक क्रमांक, शिक्का, तारीख. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवांना मुदत बांधून दिलेली आहे, पण मुदत मोजायची तर अर्ज कधी दिला हे दिसायला हवं. 'आमच्याकडे आलाच नाही' याला पोच हेच उत्तर. ऑफिसने तुमचं बोलणं ऐकलं, याचं ते परत बोलून दाखवणंच आहे.

डॉक्टरकडे 'अंगात कसंतरी होतंय' म्हणून थांबू नका. कधीपासून, कुठे, काय केल्यावर वाढतं, कुठली गोळी घेतली, आधीचं काही दुखणं आहे का. गोळीचं नाव आठवत नसेल तर पाकीट घेऊन जा. ११२ किंवा १०८ ला फोन लावलात तर सगळ्यात आधी ठिकाण: रस्ता, जवळची खूण, महामार्गावर असाल तर किलोमीटरचा दगड. मध्येच फोन कट झाला तरी गाडी निघालेली असते. आणि पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवू नका.

सराव

पोरांना मी एक गृहपाठ देतो. रविवारी घरी फोन करता तेव्हा 'जेवलास का, बरा आहेस का' झाल्यावर आईला किंवा आजीला तुमच्या एका मशीनचं काम तीन मिनिटांत समजावून सांगायचं. एकही इंग्रजी शब्द आला तर त्याचा अर्थ सांगायचा. आणि शेवटी म्हणायचं, 'आता तू मला सांग.' सुरुवातीला सगळे लाजतात. महिनाभरात शॉपवर फरक दिसायला लागतो.

मीही हे केलं होतं, एकवीस वर्षांपूर्वी, एसटीडी बूथवरून, मीटरकडे बघत बघत. माझी आई गिअरबॉक्सला अजून 'चाकांचा डबा' म्हणते. बारक्या चाकाने मोठं चाक फिरवलं की वेग कमी होतो आणि जोर वाढतो, हे मात्र ती शेजारणीला बरोबर सांगते.